डॅशबोर्डमधली खडखड: आधी आवाजाचं नाव, मग जागा, मग टेप

डॅशबोर्डमधून आवाज यायला लागला की पहिली ऊर्मी येते ती पॅनल उचकटून आत बघायची. तिथेच हात आवरा. आवाज बंद करायला शेवटी लागतो तो बोटभर टेपचा तुकडा, नाहीतर एखादी हरवलेली क्लिप. सगळा वेळ जातो तो हा बोटभर टेप नेमका कुठे लावायचा हे ठरवण्यात. जागा ठरवल्याशिवाय डॅशबोर्ड उघडला तर जुना आवाज तसाच राहतो आणि तुटलेल्या खाचेचा नवा आवाज त्यात भर घालतो.

हे मी अनुभवाने सांगतोय. आमच्या गाडीची म्युझिक सिस्टीम बदलून घेतली आणि आठवड्याभरात तिसऱ्या गिअरमध्ये एक बारीक भणभण सुरू झाली. ती शेजारच्या सीटसमोरून येते असं मला अगदी खात्रीने वाटत होतं. म्हणून दोन रविवार घालवून ग्लोव्ह बॉक्स काढला, त्याच्या सगळ्या कडांना टेप लावला, झाकणाचे रबरी ठोकळे बदलले. भणभण जिथल्या तिथे. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती. खरा चोर कसा सापडला ते पुढे येईलच.

आवाजाला नाव द्या

मराठीत आवाजांसाठी जे शब्द आहेत, ते या कामात थेट उपयोगी पडतात. नुसतं 'आवाज येतोय' म्हणण्यापेक्षा कोणता आवाज येतोय हे आधी स्वतःशी ठरवा, कारण प्रत्येक शब्दामागे वेगळी घडामोड असते.

खुळखुळ म्हणजे पोकळीत सुटी वस्तू आहे, खुळखुळ्यात खडे असतात तशी. एसीच्या जाळीतून आत पडलेलं नाणं, मागच्या कामाच्या वेळी कुणाच्या हातून निसटलेला स्क्रू, पेनाचं टोपण. खूण अशी की वळणावर आवाजाची जागा सरकते, आणि ब्रेक दाबला की तो एकदा पुढे घरंगळून गप्प होतो.

टकटक किंवा खटखट म्हणजे दोन कडक वस्तूंमध्ये फट आहे, आणि खड्डा आला की त्या एकमेकींवर आपटतात. सैल झालेला ग्लोव्ह बॉक्स, क्लिप नसलेलं पॅनल, हार्नेसवरचा, म्हणजे वायरींच्या जुडग्यावरचा, लोंबता कनेक्टर ही नेहमीची मंडळी. रस्ता गुळगुळीत झाला की हा आवाज लगेच थांबतो.

करकर आणि कुरकुर यांचं गणित उलटं आहे. इथे फट नसते. दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबलेले असतात. ते क्षणभर चिकटतात, सटकतात, पुन्हा चिकटतात. दाराची बिजागरी करकरते ती याच कारणाने. गाडीचा सांगाडा पिळला गेला की हा आवाज येतो, म्हणून तो सरळ रस्त्यापेक्षा तिरकं वळून उंचवट्यावर चढताना जास्त ऐकू येतो.

भणभण आणि झणझण म्हणजे एखादा पातळ किंवा सैल भाग इंजिनाच्या कंपनाशी सूर जुळवतोय. ठरावीक आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला ठरावीक फेऱ्यांना, तो सुरू होतो आणि शंभर-दोनशे आरपीएम वर गेलं की बंद पडतो. रस्त्याचा इथे फारसा संबंध नसतो.

टिकटिक हा वेगळाच पाहुणा. तिला ताल असतो आणि गाडी उभी असतानाही ती चालू राहते. तिच्यामागे बहुधा सैल भाग नसतो, हलणारं यंत्र असतं. त्याच्याकडे आपण थोड्या वेळाने येऊ.

एक छोटी वही गाडीत ठेवा आणि चार गोष्टी लिहा: आवाजाचं नाव, वेग, आरपीएम, आणि बाहेर ऊन होतं की गारवा. चौथी नोंद बहुतेक जण लिहीत नाहीत, आणि तीच सगळ्यात जास्त बोलते. स्टील एका अंशाला जेवढं प्रसरण पावतं, त्याच्या साधारण पाच ते सात पट डॅशबोर्डचं प्लास्टिक पावतं. एक मीटर लांबीचा भाग आणि 40 अंशांचा फरक धरला तर स्टील जेमतेम अर्धा मिलिमीटर वाढतं आणि प्लास्टिक अडीच-तीन मिलिमीटर. उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीच्या डॅशबोर्डचा पृष्ठभाग 70 अंशांच्याही वर जातो, त्यामुळे एवढा फरक एका दिवसात सहज पडतो. हा डॅशबोर्ड आतून एका आडव्या धातूच्या दांड्यावर बसवलेला असतो. दोन्ही बाजूंच्या खांबांना जोडलेली ही आडवी तुळई स्टिअरिंग, एसीचा डबा, एअरबॅग अशा सगळ्यांचा भार पेलते. म्हणजे ताणलं-आकसलं जाणारं प्लास्टिक आणि जवळजवळ स्थिर धातू यांचा संसार रोज चालू असतो. सकाळच्या गारव्यात येणारी आणि दुपारी गायब होणारी टकटक म्हणजे थंडीत आकसलेल्या प्लास्टिकमुळे उघडलेली फट. दुपारी सुरू होणारी करकर म्हणजे उन्हाने फुगून एकमेकांवर दाबले गेलेले भाग. आवाज कधी येतो हे कळलं की फट शोधायची की दाब, हे ठरतं.

डॅशबोर्डवर आळ घेण्याआधी

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं या कामात नेहमी होतं. म्हणून गाडी आधी पूर्ण रिकामी करा. ग्लोव्ह बॉक्समधली कागदपत्रं आणि पुस्तिका, चष्म्याचा कप्पा, दारांच्या खणांतल्या बाटल्या, सीटखालचं सामान, मोबाइलचा स्टँड, डॅशकॅम आणि त्याची वायर, गाडीतले दोष तपासायच्या (ओबीडी) सॉकेटमध्ये लावून ठेवलेलं एखादं यंत्र, आरशाला लटकवलेलं काहीही. किल्लीच्या जुडग्यातून गाडीची किल्ली सुटी करा. इग्निशनमध्ये लटकणारं जुडगं स्टिअरिंगखालच्या प्लास्टिकवर आपटतं आणि हुबेहूब डॅशबोर्डसारखं वाजतं. रिकाम्या सीटचा बेल्ट लावून टाका. सनशेड वर नीट दाबा.

टायरमधली हवा थंड टायरला मोजा आणि दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर दिलेल्या आकड्याशी जुळवा. हवा जास्त भरलेली असली की रस्त्याचा प्रत्येक खडा आत पोचतो आणि एरवी झोपलेले भागही जागे होतात.

मग बाहेर या. वायपरखालची प्लास्टिकची जाळी, वायपरचे हात, बॉनेटचे रबरी ठोकळे, नंबरप्लेट, काचेच्या कडेची पट्टी हे सगळं हाताने हलवून बघा. वायपरखालची जाळी खास तपासा, कारण ती डॅशबोर्डच्या अगदी पलीकडे असते आणि तिचा आवाज काचेतून आत येतो. पुढची काच बदललेली असेल तर संशय आणखी दाट, कारण त्या कामात ही जाळी आणि खांबांची आवरणं काढावी लागतात आणि क्लिपा तिथेच तुटतात. जाळीवर कापडी चिकटपट्टी लावून एक फेरी मारा. आवाज थांबला तर डॅशबोर्ड निर्दोष.

इथे एक गोष्ट मनावर घ्या. चाकाजवळून येणारी जड 'ठक', जी पायाला किंवा स्टिअरिंगला जाणवते, ती सस्पेन्शनची असू शकते. स्टॅबिलायझर लिंक झिजली किंवा शॉक अॅब्सॉर्बरचं वरचं बैठक-रबर गेलं तरी आवाज डॅशबोर्डखालून आल्यासारखा वाटतो. गाडी उभी करून पुढचा एकेक कोपरा जोरात खाली दाबून सोडा आणि कुणाला तरी चाकाजवळ ऐकायला सांगा. स्टिअरिंग फिरवताना ठकठक होत असेल तर स्टिअरिंगचा जोड तपासायला हवा. अशा आवाजांवर फोम लावण्यात अर्थ नाही. गाडी गॅरेजमध्ये न्या.

रस्ता, इंजिन की हवा?

आता तीन चाचण्या. यांतून संशयितांची यादी एकदम आखडते.

गाडी उभी, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. इंजिन सुरू करून एसीचा पंखा बंद ठेवा आणि आरपीएम अगदी सावकाश 3000 पर्यंत न्या. वाटेत कुठे भणभण उठली तर तो आकडा वहीत लिहा. ही इंजिनाची कंपनं आहेत.

मग इंजिन साध्या गतीवर, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता, ठेवून पंखा एकेक पायरी वाढवा. तापमानाची घुंडी पूर्ण थंडपासून पूर्ण गरमपर्यंत फिरवा, हवेची दिशा बदला, आतली हवा-बाहेरची हवा हे बटण दोनदा दाबा. पंखा वाढला की टिकटिकही जलद होत असेल तर पंख्याच्या पात्यात पान किंवा काडी अडकली आहे. गाडी सुरू केल्या केल्या किंवा तापमान बदलल्यावर काही सेकंद टक-टक-टक होऊन थांबत असेल तर हवेची झडप हलवणाऱ्या छोट्या मोटरच्या गिअरचा दात तुटलाय. तो भाग बदलावा लागतो, टेपने काही होत नाही. इंजिन गरम झाल्यावर बॉनेटखालून भिंतीपलीकडून येणारी मंद तालबद्ध टिकटिक मात्र पेट्रोल गाड्यांत इंधनाच्या वाफेच्या झडपेची असते. ती तिचं नेहमीचं काम करत असते.

तिसरी चाचणी रस्त्यावरची. रहदारी नसलेला खडबडीत रस्त्याचा एकच तुकडा ठरवा आणि प्रत्येक वेळी त्याच वेगाने, ताशी 20 ते 30 किलोमीटरने, तिथूनच जा. रोज वेगळ्या रस्त्यावर ऐकलेल्या आवाजांची तुलना होऊच शकत नाही. खिडक्या बंद, पंखा बंद, गाणी बंद.

जागा नक्की करणं

आपले कान इथे वारंवार फसतात. पुढची काच हा मोठा तिरका कठीण पृष्ठभाग आहे. बारीक, उंच आवाज तिच्यावर आपटून भलत्याच दिशेने येतो. चालकाचं डोकंही एका बाजूला असतं, त्यामुळे मधला आवाज त्याला पलीकडून आल्यासारखा वाटतो. माझ्या त्या भणभणीच्या वेळी मागच्या सीटवर मधोमध बसलेली माझी मुलगी म्हणाली, "बाबा, कप्प्यातून नाही येत आवाज. मधूनच येतोय." मी ऐकलं नाही. तिचं ऐकलं असतं तर दुसरा रविवार वाचला असता. तेव्हापासून मी चाचणीला दुसरं माणूस घेतो आणि त्याला वेगवेगळ्या जागी बसवतो. शक्य असेल तर लहान वयाचं, कारण उंच आवाज मुलांना आपल्यापेक्षा स्पष्ट ऐकू येतात.

सगळ्यात जुनी रीत दाबून बघायची. सोबतच्या माणसाने तळहाताने एकेक भाग दाबायचा: वरची कड, स्पीडोमीटरची चौकट, एसीच्या जाळ्या, म्युझिक सिस्टीमची चौकट, ग्लोव्ह बॉक्सचं झाकण, काचेच्या बाजूच्या खांबांची आवरणं. कुठे दाबल्यावर आवाज बदलतो ते लिहायचं. नुसता बदलला तरी चालेल. बंद झालाच पाहिजे असं नाही. हे काम रिकाम्या रस्त्यावर, संथ वेगात, बेल्ट लावून आणि पाठ सीटला टेकवून करायचं. डॅशबोर्डवर ओणवं होऊन कान लावायचा नाही आणि एअरबॅगच्या झाकणावर हात ठेवायचा नाही. चालकाने दाबायच्या भानगडीत पडूच नये.

उभ्या गाडीत मुठीच्या मऊ बाजूने ठोकत जाणंही कामाचं आहे. भरीव 'ठप' आला तर तो भाग घट्ट आहे, 'ठप'च्या मागे हलकी किणकिण आली तर आत काहीतरी सैल आहे. मीटरभर लांबीची रबरी नळी घ्या, एक टोक कानाशी धरा आणि दुसरं फटीफटींवरून फिरवा. मदतनीस ठोकत असताना ही साधी नळी जागा वीतभर अंतरापर्यंत आणून देते.

संशय एखाद्या फटीवर आला की तिच्यावर रंगकामाची कागदी टेप लावून दोन्ही भाग तात्पुरते एकत्र बांधा आणि ठरलेल्या रस्त्यावर फेरी मारा. एका फेरीला एकच फट. तीन ठिकाणी टेप लावून आवाज बंद झाला तर कशाने झाला हे कळायला मार्ग उरत नाही.

आणि आता माझी सगळ्यात आवडती युक्ती, जिने तो चोर पकडून दिला. मोबाइलवर टोन जनरेटरचं कुठलंही अॅप घ्या, गाडीच्या स्पीकरला जोडा आणि शुद्ध स्वर 30 हर्ट्झपासून (म्हणजे सेकंदाला 30 कंपनं) सुरू करून पाच-पाच हर्ट्झने 250 पर्यंत चढवत न्या. आवाज मध्यम ठेवा. एकच स्वर मोठ्याने फार वेळ वाजवला तर स्पीकर तापतो. गाडी उभी, इंजिन बंद, सगळीकडे शांतता, आणि तुम्ही दोन्ही हात मोकळे ठेवून शोधू शकता. योग्य स्वर आला की सैल भाग स्वतःहून वाजायला लागतो. दारांची पॅनलंही कधीकधी वाजतात, ती हाताने दाबून बाजूला काढायची.

कोणता स्वर आपला, हे कसं कळणार? साधा हिशेब आहे. चार सिलिंडरचं चार-स्ट्रोक इंजिन एका फेऱ्यात दोनदा धक्का देतं. म्हणजे आरपीएमला 60 ने भागा आणि 2 ने गुणा. तीन सिलिंडरचं असेल तर दीडने गुणा. साध्या गतीवर 800 आरपीएमला चार सिलिंडरची गाडी सुमारे 27 हर्ट्झने थरथरते, तीन सिलिंडरची 20 ने. माझी भणभण 2400 आरपीएमला येत होती, म्हणजे 80 हर्ट्झ. मी स्वर 80 वर नेला आणि तीच भणभण घरी उभ्या गाडीत सुरू झाली. मग नळी फिरवली तर आवाज थेट म्युझिक सिस्टीमच्या मागून. दहा मिनिटांत.

उघडण्याआधी: एअरबॅग

हा भाग घाईने वाचू नका. डॅशबोर्डमध्ये आणि स्टिअरिंगमध्ये स्फोटक भरलेल्या वस्तू आहेत. अपघातात बॅटरीची वायर तुटली तरी एअरबॅग उघडावी म्हणून तिच्या नियंत्रकात कपॅसिटर असतात, आणि त्यांत वीज साठलेली राहते. बॅटरी काढली की लगेच सगळं निर्धोक झालं, असं होत नाही.

इग्निशन बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून टर्मिनलपासून दूर बांधून ठेवा आणि गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेत दिलेला वेळ थांबा. मी स्वतः दहा मिनिटांपेक्षा कमी कधीच थांबत नाही. पुस्तिका जास्त सांगत असेल तर तेवढा वेळ. बॅटरी काढण्याआधी म्युझिक सिस्टीमला कोड लागतो का ते बघून ठेवा, आणि जोडल्यावर खिडक्यांची आपोआप बंद होण्याची सोय पुन्हा शिकवावी लागू शकते.

एअरबॅगची वायरिंग आणि कनेक्टर बहुधा पिवळ्या रंगाचे असतात. पिवळं दिसलं की हात मागे. त्यावर मल्टिमीटर लावायचा नाही, ते सोडवून इग्निशन चालू करायचं नाही. एअरबॅगचं झाकण जिथे फाटून उघडतं, त्या रेषेवर किंवा तिच्या मागे टेप, फोम, गोंद काहीही लावू नका. पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबात पडदा-एअरबॅग (बाजूच्या खिडक्यांवर पडद्यासारखी उघडणारी) असेल तर त्या आवरणामागेही फोम कोंबायचा नाही. ती उघडताना त्याच मार्गाने बाहेर येते. तिथल्या क्लिपांना बहुधा एक दोरीसारखा बंध असतो आणि बऱ्याचशा एकदाच वापरायच्या असतात, काढल्या तर नव्या लावा. आवाज एअरबॅगच्याच घरातून येतोय असं निष्पन्न झालं तर ते काम प्रशिक्षित माणसाला द्या. हायब्रिड किंवा विजेच्या गाडीत नारिंगी केबल दिसली तर तिलाही तोच नियम.

पॅनल काढणं

लोखंडी पेचकसाने उचकटू नका. प्लास्टिकवर कायमचा वळ उठतो. प्लास्टिकची पॅनल उचकायची पट्टी, एक फिलिप्स पेचकस, टॉर्क्सचे (चांदणीच्या आकाराच्या टोकाचे) टी20 आणि टी25, 7 आणि 10 मिलिमीटरचे सॉकेट, डोक्याला बांधायचा टॉर्च आणि एक जुनी चादर एवढ्यात बहुतेक काम भागतं. थंडीत प्लास्टिक ठिसूळ असतं, म्हणून गाडी थोडी उन्हात तापू द्या.

पॅनल ओढूनही येत नसेल तर जोर वाढवू नका. कुठेतरी स्क्रू लपलेला आहे. दार उघडल्यावर डॅशबोर्डच्या टोकाला दिसणारं झाकण, छोट्या कप्प्यातली रबरी चटई, स्पीडोमीटरच्या चौकटीची वरची आतली बाजू, ग्लोव्ह बॉक्सच्या मागची भिंत या त्यांच्या लपायच्या आवडत्या जागा. प्रत्येक टप्प्याला फोटो काढा. स्क्रू ज्या भोकातून निघाले त्या क्रमाने कागदावर चिकटवा. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर पलीकडे वायर टोचतो. पॅनल हातात आलं की पहिलं काम क्लिपा मोजायची. आठ भोकं आणि सात क्लिपा असतील तर आठवी आत कुठेतरी पडलेली आहे, आणि बऱ्याचदा तीच खुळखुळतेय. टॉर्च मारून ती शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता डोळ्यांनी वाचायचं. जे दोन भाग एकमेकांना लागतात ते खूण ठेवतात. मॅट प्लास्टिकवर गुळगुळीत चकाकणारा ठिपका, कोपऱ्यात जमलेली पांढरट बारीक भुकटी, काळ्या धातूवर उजळलेली रेघ. माझ्या गाडीत म्युझिक सिस्टीम बाहेर ओढल्यावर मागे एक पांढरा कनेक्टर सापडला, मूळ हार्नेसमधला, आता कशालाच न जोडलेला. कारखान्यातून येताना तो हार्नेसला टेपने बांधलेला होता. नवी सिस्टीम बसवताना ती टेप कापली गेली आणि पुन्हा बांधायची राहिली. कनेक्टरचा एक कोपरा काचेसारखा घासून गुळगुळीत झाला होता, आणि समोरच्या धातूच्या पट्टीवर नखाएवढा राखाडी डाग होता. डागावर कोपरा ठेवून बघितला, बरोबर बसला. अशी जोडी जुळली की शोध संपला. एकाच भागावर खूण दिसली आणि जोडीदार सापडला नाही, तर अजून संपलेला नाही.

दुरुस्ती

जोडीवर तीनच उपाय असतात: दोघांना दूर करा, दोघांना घट्ट बांधा, किंवा मध्ये मऊ काहीतरी घाला. बांधणं जमत असेल तर आधी ते. क्लिप घाला, स्क्रू कसा, वायर बांधा.

हार्नेस आणि कनेक्टरसाठी लोकरीसारखा मऊ पृष्ठभाग असलेली फ्लीस टेप घ्या. गाड्यांच्या केबिनमधल्या वायरिंगवर कारखान्यातच ती लावलेली असते. घरातल्या वायरिंगची काळी पीव्हीसी टेप इथे चालत नाही. उन्हाने तिचा गोंद पातळ होऊन सरकतो, आणि उघडी पडलेली चिकट कड स्वतःच करकरायला लागते. कनेक्टर आधी मूळ हार्नेसवर आडवा ठेवून बांधायचा, मग दोघांवर मिळून दोन वेढे. नायलॉनची पट्टी वापरली तर तिचं कापलेलं टोक कुठे आपटणार नाही असं वळवा.

पॅनलच्या कडांसाठी पातळ फेल्ट (दाबलेल्या लोकरीसारखं जाड कापड) किंवा बंद छिद्रांचा फोम. स्पंजासारखा उघड्या छिद्रांचा फोम काही वर्षांत भुकटी होऊन गळतो. जाडी फटीच्या साधारण दीडपट पुरे: 2 मिलिमीटर फटीला 3 मिलिमीटर. जाड फोम कोंबला तर पॅनल बाहेर ढकललं जातं, शेजारची क्लिप ताणली जाते आणि महिन्याभरात आवाज एक वीत पलीकडे सुरू होतो. चिकटवण्याआधी जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नाहीतर डॅशबोर्डच्या पॉलिशवर काहीच टिकत नाही.

सैल झालेल्या धातूच्या स्प्रिंग-क्लिपा पक्कडीने किंचित पसरवून परत पकड धरतात. त्या ज्या प्लास्टिकच्या जिभेवर बसतात, तिच्यावर फ्लीस टेपचा एकच थर दिला की वर्षानुवर्षं हलत नाहीत. हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात भरवशाचा उपाय आहे असं माझं मत झालंय.

करकरीसाठी रबरी पट्ट्यांना सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात, बोटाने लावून कापडाने पुसलेला. प्लास्टिकवर प्लास्टिक घासत असेल तर फेल्ट, आणि ते बसायला जागा नसेल तर कोरडा राहणारा पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) थर. साधं पेट्रोलियम ग्रीस रबर फुगवतं. स्प्रे थेट डॅशबोर्डमध्ये फवारू नका. तो काचेवर, स्विचांत आणि संपर्कबिंदूंवर बसतो. कापडावर घेऊन पुसा.

स्क्रूचं प्लास्टिकचं बूड तडकलेलं असेल तर पॅनलच्या मागे कोरलेली अक्षरं वाचा. कोणतं प्लास्टिक आहे ते दोन कोनदार कंसांत लिहिलेलं असतं. आयएसओ 11469 या मानकानुसार ती खूण असते. एबीएस (ब्रेकवालं नव्हे, याच नावाचं प्लास्टिक) असेल तर दोन भागांचं इपॉक्सी धरतं. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन असेल तर साधं इपॉक्सी नखाने निघून येतं. तिथे प्लास्टिक वितळवून जोडणं किंवा खास प्राइमर लागतो. पीसी म्हणजे पॉलिकार्बोनेट असेल तर द्रावक असलेली रसायनं लांब ठेवा, त्यांनी बारीक तडे जातात.

नेहमीच्या जागा

ग्लोव्ह बॉक्स वाजत असेल तर तो काढायच्या आधी नुसता उघडा ठेवून, शेजारची सीट रिकामी ठेवून एक फेरी मारा. आवाज गेला तर झाकणाचे दोन रबरी ठोकळे बघा. बहुतेक एक पडलेला असतो. नाहीतर कडीचा हूक थोडा आत घ्या.

एसीच्या जाळ्यांची पाती झणझणतात तेव्हा त्यांच्या टोकांच्या खुंट्या झिजलेल्या असतात. प्रत्येक खुंटीला टाचणीच्या टोकाने सिलिकॉन ग्रीसचा थेंब दिला की पात्यांना पुन्हा जडपणा येतो.

काच आणि डॅशबोर्ड जिथे भेटतात ती फट हाताला पोचत नाही, म्हणून दुर्लक्षित राहते. तिथे करकर असेल तर पातळ प्लास्टिकच्या पट्टीने फेल्टची चिंधी हलकेच आत सरकवता येते, बाहेरून दिसणार नाही इतकीच. काचेवरच्या हवेची तोंडं बुजू देऊ नका.

स्पीडोमीटरच्या चौकटीत आवाज असला तर बहुधा वरचे दोन स्क्रू सैल निघतात.

परत बसवताना

प्लास्टिकमध्ये जाणारा स्क्रू थेट कसायला घेऊ नका. आधी उलटा फिरवा; एका जागी तो 'टुक' करून किंचित खाली बसतो. तिथून सरळ फिरवलात तर तो जुन्याच आट्यांत जातो, नवे आटे पाडत नाही. बोटांच्या जोराने घट्ट झाला की पुरे. पॉवर ड्रिल इथे वापरू नका.

सगळी पॅनलं लावण्याआधी, पण एअरबॅगचं काहीही सुटं नाही हे पाहून, बॅटरी जोडा आणि पुन्हा तोच स्वर, तीच मूठ, तीच नळी. स्वर वाजवूनही शांत असेल तरच पुढची पॅनलं बसवा. एअरबॅगचा दिवा सुरुवातीला लागून विझतो की नाही ते पाहा. तो लागलेलाच राहिला तर गाडी चालवण्याआधी तो प्रश्न सोडवायचा.

मग ठरलेला रस्ता, ठरलेला वेग. एका फेरीवर समाधान मानू नका. एक फेरी पहाटेच्या गारव्यात आणि एक गाडी उन्हात तापल्यावर मारा, कारण प्लास्टिक या दोन वेळी वेगवेगळ्या मापाचं असतं. दोन्ही वेळा शांत राहिली तर वहीत तारीख, जागा, काय लावलं आणि किती जाडीचं लावलं हे लिहून ठेवा. मोठा आवाज गेला की त्याच्याखाली दबलेला एखादा छोटा ऐकू यायला लागतो. तो आधीपासूनच होता की आपल्या हातून झाला, हे तेव्हा त्या वहीतूनच कळेल.